डॉलर राजकन्या

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या सरदार घराण्यांत सून म्हणून गेलेल्या अमेरिकन धनिककन्यांना रूढ झालेले नाव. वराकडे किताब, वधूपित्याकडे रोकड, असा हा उघड व्यवहार होता.

त्याचे मूळ शेतीत आहे. १८७० नंतर अमेरिकेतील स्वस्त गहू रेल्वे आणि आगबोटींनी इंग्लंडात येऊ लागला. धान्याचे भाव कोसळले आणि जमीनदारांचा खंड आटला. वडिलोपार्जित जमीन सहजी विकता येत नव्हती, प्रचंड वाडे मात्र पोसावे लागत. तिकडे न्यूयॉर्कची जुनी घराणी नव्या श्रीमंतांना पंक्तीला घेत नव्हती; म्हणून ते इंग्लंडच्या किताबांकडे वळले. ज्या रेल्वेने सरदारांचा खंड बुडवला, तिच्याच शेअरांवर मग त्यांच्या वाड्यांची छपरे दुरुस्त झाली.

जेनी जेरोमचे लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलशी १८७४ मध्ये झालेले लग्न हे आरंभीचे ठळक उदाहरण. विन्स्टन चर्चिल हा त्यांचा मुलगा. पण या प्रथेची खरी किंमत कळते ती अमेरिकेतील रेल्वेमालक घराण्याच्या कॉन्स्वेलो व्हँडरबिल्टच्या आयुष्यातून. तिचे मन दुसऱ्यावर होते. आई अल्वा हिने बळजबरीने १८९५ मध्ये, अठराव्या वर्षी, तिला मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लावून दिले. करारात पंचवीस लाख डॉलरचे रेल्वे शेअर होते. ड्यूकच्या ब्लेनम प्रासादाची डागडुजी झाली. संसार १९०६ मध्ये मोडला. १९२६ मध्ये रोमन कॅथलिक धर्मपीठाने विवाह रद्दबातल ठरवला, तेव्हा आपण मुलीवर जबरदस्ती केल्याची साक्ष अल्वानेच दिली. हुंड्याच्या याद्या पाहिलेल्या मराठी वाचकाला हा करार परका वाटू नये.

ऐतिहासिक कादंबऱ्यांना हा विषय फार मानवला. थंडगार वाडा, करारी सासू, कर्जबाजारी नवरा ही त्यांची नेहमीची सामग्री. अमेरिकन कादंबरीकार इडिथ व्हॉर्टन त्याच न्यूयॉर्कमध्ये वाढल्या होत्या. या विषयावरील त्यांची अपुरी कादंबरी मृत्यूनंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या अनेक कादंबऱ्या नृत्यसमारंभात रमतात आणि करारनाम्यावरून घाईने पुढे सरकतात, ही त्यांची मोठी उणीव होय.

सगळीच लग्ने लादलेली नव्हती. शिकागोच्या व्यापारी लीव्हाय लायटर यांची मुलगी मेरी हिने जॉर्ज कर्झनशी गुप्तपणे वाङ्‌निश्चय केला, दोन वर्षे वाट पाहिली आणि १८९५ मध्ये लग्न केले. १८९८ च्या अखेरीस ती व्हाइसरॉयची पत्नी म्हणून मुंबईत उतरली. जानेवारी १९०३ मध्ये दिल्ली दरबाराच्या वेळी लाल किल्ल्यातील नृत्यसमारंभात तिने मोरपिशी नक्षीचा पोशाख घातला होता. कापडावरचे जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचे, शिवण पॅरिसच्या वर्थ या पोशाखगृहाची. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याचे हिरवे चमकते पंख टाचलेले आहेत. मेरी १९०६ मध्ये छत्तिसाव्या वर्षी वारली. पोशाख आज केडलस्टन हॉल या कर्झन घराण्याच्या इंग्लंडमधील वडिलोपार्जित वाड्यात जतन केलेला आहे.