राजकन्या आइको आणि जपानच्या गादीचा वारसा

जपानचे विद्यमान सम्राट नारुहितो आणि सम्राज्ञी मासाको यांची एकुलती एक कन्या आइको यांचा जन्म १ डिसेंबर २००१ रोजी, आईवडिलांच्या विवाहानंतर आठ वर्षांनी झाला. इतरांवर माया करणाऱ्यावर इतरही माया करतात आणि इतरांचा मान राखणाऱ्याचा मान इतरही राखतात, अशा आशयाच्या, मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या वचनावरून त्यांचे ‘आइको’ हे नाव आणि ‘तोशी-नो-मिया’ ही उपाधी घेण्यात आली. जन्मानंतर खरी चर्चा झाली ती मात्र वारसाची. वडील त्या वेळी युवराज होते. तरीही मुलगी असल्यामुळे आइको यांना गादीवर कोणताच हक्क नव्हता, आणि आजही नाही.

ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे, असे उत्तर यावर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. इ. स. ५९२मध्ये गादीवर आलेल्या सुइको यांच्यापासून १७७०मध्ये पदत्याग करणाऱ्या गो-साकुरामाची यांच्यापर्यंत आठ स्त्रिया जपानच्या सम्राज्ञी झाल्या. त्यांतल्या दोघी दोनदा गादीवर बसल्या, म्हणून कारकिर्दी दहा भरतात. नारा येथे ७१०मध्ये राजधानी वसली ती गेन्मेई यांच्या काळात, आणि ‘कोजिकी’ हा जपानचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ७१२मध्ये सादर झाला तोही त्यांनाच. मात्र या आठही जणींचे पितृकुळ राजघराण्याचेच होते, आणि राज्य करत असताना त्या विधवा तरी होत्या किंवा अविवाहित तरी. गेन्मेई यांच्यामागून त्यांची मुलगी गेन्शो गादीवर आली खरी, पण तिचे वडीलही राजपुत्रच होते. म्हणजे स्त्रीने राज्य करण्याला इतिहासात आधार आहे, स्त्रीकडून वंश पुढे चालण्याला नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जपानबाहेरच्या बातम्यांत त्यांची हटकून गल्लत होते.

स्त्रीला सरसकट मनाई झाली ती १८८९च्या राजघराणे कायद्याने. त्याच्या एका आरंभीच्या मसुद्यात, पुरुष वारस नसल्यास स्त्रीला गादी देण्याची तरतूद होती. इनोउए कोवाशी या विधिज्ञ अधिकाऱ्याने तिला कडाडून विरोध केला. राज्य करणाऱ्या स्त्रीने लग्न केले तर तिची मुले नवऱ्याच्या कुळाची ठरतील आणि राजवंशच बदलेल, अशी त्यांची भीती होती, आणि अखेर तीच ग्राह्य धरली गेली. तो नियम पाळणे त्या काळी शक्य होते, कारण राजवाड्यात उपपत्नी असत. स्वतः सम्राट मेइजी आणि त्यांचे वारस सम्राट ताइशो हे दोघेही उपपत्नींचे पुत्र होते. मेइजींना १५ अपत्ये झाली, पण प्रौढ वयापर्यंत जगलेला मुलगा एकच.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७मध्ये, नवा कायदा आला. त्याने फक्त औरस संततीचाच हक्क मान्य केला, पण पुरुषवारसाची अट मात्र तशीच ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजघराण्याच्या ११ शाखांतील ५१ जणांनी राजपद सोडले. उपपत्नींची मुले आणि शाखांतील पुरुष हे जुन्या नियमाला तगवून धरणारे दोन्ही टेकू असे एकदम निघाले, याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. आपल्याकडच्या संस्थानांचा इतिहास वाचलेल्यांना इथे लगेच दत्तकाचा प्रश्न सुचेल; पण जपानी राजघराण्याला दत्तक घेण्याचीही कायद्याने बंदी आहे.

परिणाम दिसायला काही दशके लागली. नारुहितो यांचे धाकटे बंधू अकिशिनो यांचा जन्म १९६५चा. त्यांच्यानंतर घराण्यात ओळीने नऊ मुली झाल्या, आणि त्यांतल्या नवव्या आइको. पंतप्रधान कोइझुमी यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नोव्हेंबर २००५मध्ये, पहिले अपत्य मुलगा असो वा मुलगी, गादी त्यालाच मिळावी अशी शिफारस केली. विधेयकाची तयारी चालू असतानाच, फेब्रुवारी २००६मध्ये, अकिशिनो यांच्या पत्नी किको गरोदर असल्याची बातमी आली. ६ सप्टेंबर २००६ रोजी त्यांचा मुलगा हिसाहितो यांचा जन्म झाला आणि विधेयक बासनात गेले. आइको तेव्हा पाच वर्षांच्याही नव्हत्या.

राजकन्येच्या वाट्याला मग उरते काय? सामान्य नागरिकाशी विवाह करताच तिचे राजपद जाते. ही अटही मेइजी काळापूर्वी नव्हती. १८६२मध्ये शोगुन, म्हणजे लष्करी शासक, इएमोची यांच्याशी विवाह झालेल्या काझुनोमिया लग्नानंतरही राजकन्याच राहिल्या. आइको २० वर्षांच्या झाल्या तेव्हा, ५ डिसेंबर २०२१च्या समारंभासाठी, महामारीचे दिवस पाहून नवा रत्नमुकुट घडवला गेला नाही. त्यांच्या डोक्यावर होता तो आत्या सायाको यांच्याकडून मागून आणलेला मुकुट, आणि सायाको स्वतः २००५मध्ये विवाह करून राजघराण्याबाहेर गेलेल्या.

गाकुशुइन विद्यापीठात आइको यांनी जपानी भाषा व साहित्य शिकले. पहिली तीन वर्षे वर्ग बहुतेक घरूनच झाले. प्रबंधासाठी त्यांनी निवडली बाराव्या शतकातील राजकन्या आणि कवयित्री शिकिशी. क्योतोच्या कामो देवस्थानात राजकन्येला सेविका म्हणून पाठवण्याची तेव्हा प्रथा होती. शिकिशींनी तिथे सुमारे दहा वर्षे सेवा केली, आणि प्रेम लपवून ठेवण्याचे बळ सरण्याआधी जीव गेलेला बरा, असे म्हणणारी त्यांची कविता जपानी माणसांना आजही तोंडपाठ असते. त्यांचा मृत्यू १२०१मध्ये, म्हणजे आइकोंच्या जन्माच्या ८०० वर्षे आधी झाला.

पदवीनंतर, एप्रिल २०२४पासून, आइको जपानी रेडक्रॉस सोसायटीत युवा आणि स्वयंसेवक विभागात नोकरी करू लागल्या. राजघराण्याच्या कामांत नोव्हेंबर २०२५चा लाओस दौरा हा त्यांचा पहिला एकटीने केलेला अधिकृत परदेश दौरा ठरला. त्यांच्या पदाचे पुढे काय, यावर आणखी एका सरकारी समितीने डिसेंबर २०२१मध्ये दोन पर्याय सुचवले आहेत: १९४७मध्ये बाहेर गेलेल्या शाखांतील पुरुषवंशजांना दत्तक घ्यावे, आणि राजकन्यांना लग्नानंतरही राजपद ठेवू द्यावे. दुसऱ्या पर्यायात समितीने एक गोष्ट नोंदवली आहे, ती अशी की पतीला आणि मुलांना ते पद मिळू नये.