उतारावर न्यूट्रल : वाचतं किती, तापतं किती

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड ट्रकने पुढच्या कितीतरी गाड्या एकामागून एक ठोकरल्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत सलग उतार आहे. त्या उतारावर चालकाने इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात एका कंटेनरने पुन्हा तसाच कहर केला. गाड्या पेटल्या, माणसं गेली. दर वेळी पहिली बातमी ठरलेली असते: ब्रेक फेल.

पण बहुतेक वेळा ब्रेकचं काही तुटलेलं नसतं. ते तापलेले असतात.

शाळेतलं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले g गुणिले उंची. ४० टनांचा ट्रेलर १०० मीटर खाली उतरला की सुमारे ३ कोटी ९२ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर डिझेल जाळलं तर साधारण ३ कोटी ६० लाख ज्यूल मिळतात. म्हणजे १०० मीटर उताराची सगळी ऊर्जा ब्रेकने गिळायची, तर चाकांच्या ड्रममध्ये (चाकासोबत फिरणाऱ्या, ब्रेकच्या बिडाच्या पिंपात) लिटरभराहून थोडं जास्त डिझेल पेटवल्यासारखंच झालं. पाच अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला दहा ड्रम. प्रत्येकी ४५ किलो बिडाचा धरला, तर सगळे मिळून पावणेदोनशे अंशांनी तापतील. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार आहे अंदाजे ५०० मीटरचा. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध यातला काही वाटा उचलतात, वारा ड्रम थंडही करत राहतो, पण पाचाने गुणायचं ते गुणावंच लागतं.

आता वेग. चार टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटरने हा ट्रेलर उतरत असेल, तर दर सेकंदाला जिरवायची ऊर्जा १७० किलोवॅटच्या घरात जाते. वेग ऐंशी झाला की तीही दुप्पट. ड्रमची थंड होण्याची क्षमता मात्र दुप्पट होत नाही.

ड्रम तापला की दोन गोष्टी घडतात. लायनर म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा पट्टा; त्यातलं रेझिन जळायला लागतं आणि घर्षण घटतं. तो जळका वास घाटात आपण सगळ्यांनी घेतलाय. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. ड्रम फुगतो, आणि फुगतो तो लायनरपासून लांब. ४१० मिलिमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला, तर व्यास सव्वा मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. एवढ्याने काय होतं? होतं असं की हवेच्या ब्रेकमध्ये चेंबरचा, म्हणजे दाबाची हवा भरणाऱ्या डब्याचा, दांडा लिव्हर ढकलतो, लिव्हर कॅम फिरवतो आणि कॅम लायनर दाबतो. लायनरला जरा जास्त सरकवायचं, तर दांड्याला त्याच्या कित्येक पट पुढे यावं लागतं. दांड्याची धाव ठरलेली असते. ती संपली की पाय पॅडलवर पूर्ण दाबलेला असूनही लायनरवरचा जोर उतरतो. दुसऱ्या दिवशी तपासणीला अधिकारी येतात तोवर ड्रम थंड होऊन आक्रसलेला असतो आणि ब्रेक छान लागतात!

यावरचा उपाय ट्रकमध्येच असतो, तो म्हणजे इंजिन. गिअरमध्ये असलेल्या गाडीत चाकंच इंजिनाला फिरवतात आणि बरीच ऊर्जा तिथे खर्ची पडते. डिझेल इंजिनला हवा अडवणारी झडप नसल्याने हा रोध तसा कमी, म्हणून एक्झॉस्ट ब्रेक दिलेला असतो. तो धुराची वाट अडवून इंजिनला दमवतो. न्यूट्रल मारलं की हे सगळं हातचं गेलं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतली हवा प्रत्येक दाबासरशी उतरत जाते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. हवा फारच उतरली तर स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, पण तेही त्याच तापलेल्या ड्रमवर.

आणि एकदा वेग चढला की खालचा गिअर पडत नाही. ताशी ऐंशीला तिसरा टाकायचा तर इंजिनला झेपतील त्याहून किती तरी जास्त फेरे लागतील. म्हणून गिअर उतरवायचा तो घाटाच्या माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी. ब्रेकही हलका दाबून धरायचा नसतो. हलक्या दाबाला सगळी चाकं सारखी धरत नाहीत, दोन-तीन ड्रमच सगळा भार घेतात आणि तेच आधी जातात. जोरात दाबावा, वेग थोडा उतरवावा, सोडावा.

बरं, डिझेल तरी वाचतं का? गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं डिझेलचा पुरवठा पूर्ण तोडतात. जुन्या पंपातला डिझेल मोजून देणारा गव्हर्नरही तेच करायचा. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलला, म्हणजे नुसतं चालू, ठेवायला तासाला दोन-तीन लिटर जातात. इंजिन बंदच केलं तर या आयडलच्या तुलनेतही दहा मिनिटांच्या उतारात अर्धा लिटरही वाचत नाही. पण ट्रिपला बांधून दिलेल्या डिझेलमधलं उरेल ते चालकाचं, असा हिशेब असला की अर्ध्या लिटरलाही किंमत येते. तो हिशेब मालकाने बांधलेला असतो, हे विसरून सगळा दोष चालकाच्या माथी मारणं मला पटत नाही.

बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकायची जुनी रीत आहे. खुशाल टाका, पण आधी गिअर टाका, मग नाणं. बंपरवरच्या लिंबू-मिरचीला मात्र उष्णतेचं काहीच कळत नाही. धडक टाळणाऱ्या नव्या सेन्सरांचंही तसंच: ते ब्रेक लावायची आज्ञा देतील, पण लागायला ब्रेक हवेत ना!

तुम्ही कारमध्ये असाल तर एवढं करा. खालच्या गिअरमध्ये रेंगाळत उतरणाऱ्या ट्रकला मागून हॉर्न मारून घाई करू नका आणि कट मारून त्याच्या पुढ्यात शिरू नका. त्याने राखलेलं अंतर त्याच्या कामाचं असतं. चाकांतून धूर निघत असलेला ट्रक पुढे दिसला तर मागेच राहा. तो मागून येताना दिसला, तर त्याची लेन लगेच मोकळी करा.