जुनाट सबड्युरल रक्तगाठ आणि डेक्सामेथासोन

मेंदू आणि त्यावरचे जाड आवरण यांच्यामध्ये आठवडे-महिने हळूहळू साठत गेलेले रक्त म्हणजे जुनाट सबड्युरल रक्तगाठ. हा मुख्यतः उतारवयातला आजार. वयाबरोबर मेंदू आक्रसतो, आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि मग किरकोळ मारही पुरतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांची दारे बुटकी. वाकायचे विसरले की चौकट डोक्यात. टेंगूळ येते, हळद लावली जाते, विषय संपतो. महिनाभराने आजोबांच्या एका पायातली चप्पल चालताना निसटते आणि त्यांना पत्ताच नसतो. बोलणे तुटक होते. घरचे म्हणतात, म्हातारचळ. शेजारी म्हणतात, लकवा. तो मुका मार आठवतो सीटी स्कॅन झाल्यावर.

कवटीला एक-दोन भोके पाडून रक्त काढतात. ते गाडीच्या जळक्या ऑइलसारखे काळपट असते. रोगी बहुधा झपाट्याने सुधारतो. काहींच्या डोक्यात मात्र ते पुन्हा भरते, कारण गाठीभोवती सुजेतून नवा पातळ पापुद्रा धरतो आणि त्याच्यातल्या कच्च्या रक्तवाहिन्या झिरपत राहतात. मुळात हा दाहाचाच विकार, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांनी 1857 मध्येच मांडले होते.

दाह हेच मूळ, तर दाहशामक का नको? ब्रिटनमध्ये 748 रोग्यांवर याची चाचणी झाली. निष्कर्ष 2020 मध्ये आले. बहुतेकांवर शस्त्रक्रिया झालेली होती. निम्म्यांना दोन आठवडे उतरत्या मात्रेत डेक्सामेथासोन हे दाहशामक स्टेरॉइड दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती औषधवाल्यांत 1.7 टक्के, इतरांत 7.1 टक्के. इथवर औषध जिंकले. पण सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेत होते ते औषधवाले 83.9 टक्के, बिनऔषधाचे 90.3 टक्के. गाठ आवरली, माणूस मात्र मागे पडला. जंतुसंसर्ग, वाढलेली साखर असे त्रासही औषधवाल्यांतच जास्त. त्यामुळे सरसकट डेक्सामेथासोन देण्याचा आधार गेला.

आता लक्ष वळले आहे ते आवरणाला रक्त पुरवणारी धमनी जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून बंद करण्याकडे. 2024 च्या अमेरिकी चाचणीत, शस्त्रक्रियेला या उपायाची जोड दिल्यावर, गाठ पुन्हा होऊन शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण 11.3 वरून 4.1 टक्क्यांवर आले. त्याला कॅथलॅब, म्हणजे अशी नळी घालण्याची सुसज्ज खोली, आणि सरावलेला हात लागतो. डेक्साची गोळी मात्र गावातल्या मेडिकलवरही मिळते. गुडघ्यांसाठी ती परस्पर खाणारे आजोबा विचारल्याखेरीज तसे सांगत नाहीत.