अंग आंबतं, पण आम्लामुळे नाही

तालमीत पहिल्यांदाच जाऊन जोशात शंभर बैठका मारलेल्या पोराला संध्याकाळी विचारा. तो म्हणेल, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी तोच कठडा धरून जिना उतरतो आणि तिसऱ्या दिवशी आणखी बेजार असतो. आपण म्हणतो, अंग आंबलं. शब्द इतका चपखल की स्नायूंत आम्ल साचतं म्हणून दुखतं, हा समजही त्याच्यासोबत घट्ट रुजला.

व्यायामात लॅक्टेट, म्हणजे ज्याला लोक हे आम्ल समजतात ते, वाढतं हे खरं. पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्ववत होतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. मग दीड दिवसाने दुखतं ते काय?

उत्तर बैठकीच्या खाली जाण्यात आहे. उठताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. बसताना तो ताणला जात असतो, तरीही जोर लावून शरीराला आवरतो. १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पॅडल मारायचं, दुसऱ्याने ते अडवायचं. जोर दोघांचाही तेवढाच, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. दम लागत नाही म्हणून माणूस मर्यादा ओलांडतो. इथेच घोळ होतो. आवरताना कमी तंतू कामाला लागतात, प्रत्येकावर ताण जास्त येतो, आणि तंतूंमधली सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते. मग हळूहळू सूज येते, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा येतं.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणं ही वेगळीच तऱ्हा. कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने उंच काठी सरळ तोलायची, तेव्हा हात आणि पाठीचे स्नायू फारसे लांब-आखूड न होता आवळलेले राहतात. आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी पोचतं, ऊर्जा वापरताना सुटणारं फॉस्फेट साचतं, पकड सैल होते, हात थरथरतात. मात्र काठी दुसऱ्याच्या हाती गेली की काही मिनिटांत ताकदीचा बराचसा भाग परत येतो. ताकदीतली तूट रसायनांमुळे असते, मोडतोड थोडी.

नंदीध्वजाचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि मला ही रीत फार मोलाची वाटते. तोल साधतो, शिवाय एकदा बेताने ताणून काम केलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच कामाला चांगला टिकतो. बैठकांचंही तेच. पहिल्या दिवशी दहा-पंधरा पुरेत, आठवड्याने वाढवा.

आणखी एक. दुखणं तीन-चार दिवसांत ओसरतं, पण जबर ताणानंतर गेलेली ताकद भरून यायला आठवडाही लागतो, कधी त्याहून जास्त. दुखत नाही म्हणून लगेच पुन्हा तेवढंच वजन घेऊ नका. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना अतिश्रम केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर स्नायूंतला मायोग्लोबिन हा प्रथिनाचा प्रकार रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करत असू शकतो. तेव्हा मालीश-शेक करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.