अर्ध्या व्होल्टची गोष्ट

नव्या डॅकचं, म्हणजे डिजिटल गाणं स्पीकरपर्यंत पोचवायला विजेत बदलणाऱ्या यंत्राचं, खोकं फोडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच मित्र म्हणाला, "बघ, तानपुरा कसा सुटा ऐकू येतोय." आणि खरंच येत होता. जुन्या डॅकवर भीमपलासचा जो ख्याल जरा मागे बसून गायल्यासारखा वाटायचा, तो आता सतरंजीच्या पुढच्या कडेला सरकला होता. तबल्याच्या चाटेवरचा घाव लख्ख. स्वयंपाकघरातून वहिनींनीही पावती दिली, "आता बरं वाटतंय ऐकायला." जुना डॅक ४,००० रुपयांचा, नवा ४८,०००चा. एवढे पैसे मोजल्यावर फरक पडायलाच हवा, असं आम्हा दोघांनाही मनातून वाटत होतं.

माझ्या पिशवीत मल्टिमीटर असतो. (लग्नकार्यातही असतो, घरच्यांनी आता बोलणं सोडलंय.) १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० कंपनांचा) सलग सूर लावला आणि दोन्ही डॅकच्या मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांवर व्होल्टेज मोजलं. जुना देत होता २ व्होल्ट, नवा अडीच. डेसिबेलमध्ये हा फरक १.९ येतो. ही मोठी फसवी रक्कम आहे. 'आवाज वाढला' असं चटकन लक्षात येत नाही, पण गाणं अधिक भरीव, अधिक मोकळं मात्र वाटतं. नव्या डॅकचा आवाज त्याच्याच बटणाने २ व्होल्टवर आणला, मित्राला पाठ करून बसवलं आणि वहिनींच्या हाती नाणं दिलं. छापा आला तर जुना लावायचा, काटा आला तर नवा. सोळा वेळा मित्राने कोणता वाजतोय ते सांगितलं. नऊ उत्तरं बरोबर निघाली. न ऐकता नुसतं ठोकून दिलं असतं तरी सरासरी आठ आलीच असती. नंतर चहा झाला, पण गप्पा काही रंगल्या नाहीत.

डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारं यंत्र. सीडीवर किंवा मोबाईलमधल्या फाइलमध्ये गाणं नसतं, आकडे असतात. सीडीसाठी दर सेकंदाला, प्रत्येक बाजूला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक, म्हणजे १६ बिट. हा ४४,१०० आकडा कोणी शास्त्र लावून काढलेला नाही. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. पडद्याच्या प्रत्येक रेषेत असे तीन आकडे बसत. अमेरिकी-जपानी पद्धतीत २४५ रेषा गुणिले सेकंदाला ६० फेऱ्या, युरोपी पद्धतीत २९४ गुणिले ५०. दोन्हीला तीनने गुणलं की ४४,१००च येतात. दोन्हीकडे चालणारा आकडा म्हणून तो ठरला आणि १९८२ साली सीडी बाजारात आली तीही त्याच्यासकट.

आकड्यांतून गाणं 'पायऱ्यापायऱ्यांचं' होतं, मधली लय हरवते, असं अजून पुष्कळ जण सांगतात. कंपन्यांच्या जाहिरातींतही जिन्यासारखी चित्रं असतात. त्यापेक्षा ठिपक्यांची रांगोळी आठवा. कागदावर ठिपके दिले तर ते जोडायचे हजार मार्ग असतात, हे खरं. पण समजा अट घातली, की रेषेने सेकंदाला २२,०५०पेक्षा (४४,१००च्या निम्म्यापेक्षा) जास्त वेळा वर-खाली व्हायचं नाही. मग त्या ठिपक्यांतून जाणारी रेषा एकच उरते. मूळ लहरीनेही रेकॉर्डिंगच्या वेळी तीच अट पाळली असेल, तर परत मिळते ती अगदी तीच लहर, ठिपक्यांच्या मधल्या जागेसकट. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत तो हाच. तरुण, धडधाकट कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पन्नाशीनंतर बहुतेकांची मजल बरीच खाली येते. २२,०५०च्या वरचं हरवलं म्हणून पंचावन्न वर्षांच्या माणसाने हळहळावं, याला काय म्हणायचं?

आकड्याची वीज करण्याचे मुख्यतः दोन रस्ते आहेत. पहिला किराणा दुकानातला. तागडीत टाकायला १६ वजनं आहेत: १ ग्रॅम, २, ४, ८ असं दुप्पट होत शेवटचं ३२ किलो ७६८ ग्रॅमचं. यातली हवी ती टाकली की कोणतंही वजन जमतं. सर्किटमध्ये वजनांऐवजी रेझिस्टरांची (वीज अडवणाऱ्या भागांची) शिडी असते, पण गंमत तीच. आता ३२,७६७ ग्रॅम तोलायचे तर मोठं वजन सोडून बाकीची सगळी पंधरा टाकायची. एकच ग्रॅम वाढवायचा, तर पंधराही उचलायची आणि ते एकटं मोठं ठेवायचं. ते मोठं दोन ग्रॅमने जरी कमी भरत असलं, तर वाढायच्या ऐवजी वजन एका ग्रॅमने घटलं! बत्तीस किलोत दोन ग्रॅम. आणि लहरीचं शून्य ६५,५३६ पायऱ्यांच्या मधोमध येतं, त्यामुळे गाण्याची लहर नेमकी याच जागेवरून सतत ये-जा करते, म्हणजे चूक सगळ्यात जास्त टोचते ती हळू, शांत आलापात.

म्हणूनच सुरुवातीला फिलिप्सच्या चिपा १४ बिटांच्याच होत्या. सोनीने १६चा आग्रह धरला, तबकडी १६ बिटांची ठरली, आणि फिलिप्सच्या इंजिनिअरांनी आपली १४ बिटांची चिप चौपट वेगाने पळवून, तिची खरखर कानाच्या टप्प्याबाहेर ढकलून, १६च्या तोडीचं काम करून घेतलं. हट्टापायी वापरलेली ही युक्ती आज जवळपास प्रत्येक डॅकमध्ये आहे. दुसरा रस्ता याच युक्तीवर चालतो, डेल्टा-सिग्मा. यात वजनं मोजकीच, कधी कधी एकच. पण ते सेकंदाला लाखो वेळा ठेवायचं-उचलायचं आणि सरासरी बरोबर येईल असं बघायचं. अशा कामात खरखर भरपूर होते, पण ती ऐकू येण्याच्या वेशीबाहेर झाडून टाकता येते आणि तिथे गाळणी लावून अडवता येते. ३२ किलोचं बिनचूक वजन घडवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. मोबाईलला लावायच्या हजाराच्या आतबाहेरच्या इवल्या डोंगलमध्येही चांगला डॅक मिळतो, त्याचं कारण हेच.

शिडीवाले डॅक संपलेले नाहीत. उलट महाग झालेत आणि त्यांचा एक भक्तसंप्रदाय आहे. त्यांतले काही मुद्दाम ओव्हरसॅम्पलिंगही, म्हणजे फिलिप्ससारखं आकडे चौपट वेगाने पळवणंही, करत नाहीत. तिथे एक साधा हिशेब आहे: पुढे काही दुरुस्ती केली नाही, तर अशा यंत्रात २०,००० हर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबेलने पडतो, १०,०००ला पाऊणने. 'मऊ', 'जुन्या कॅसेटसारखा उबदार' म्हणतात त्यातलं बरंच इथून येत असावं. आवडत असेल तर जरूर घ्या, पण तीच मऊ धार अ‍ॅम्प्लिफायरचं ट्रेबलचं बटण किंचित फिरवून फुकट मिळते का, ते आधी बघा.

चिपच्या नावावरून डॅक निवडणाऱ्यांना २० ऑक्टोबर २०२०ची तारीख आठवत असेल. त्या दिवशी जपानमधल्या नोबेओका इथे आसाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली आणि तिच्या एकेएम नावाच्या चिपांचा दुष्काळ पडला. अनेक कंपन्यांनी आपली यंत्रं दुसऱ्या चिपभोवती नव्याने मांडली. 'एकेएमचा मखमली आवाज' आणि 'ईएसएसचा (दुसऱ्या चिप कंपनीचा) कोरडा आवाज' असे वाद घालणाऱ्यांसाठी तो कठीण काळ होता. चिप हा एक भाग. तिच्यामागचा वीजपुरवठा आणि बाहेर पडणारं सर्किट कोणी, किती काळजीने केलंय, हे तितकंच महत्त्वाचं.

बरं, सीडीपेक्षा सरस म्हणून विकल्या जाणाऱ्या २४ बिटांच्या रेकॉर्डिंगचं काय? कागदावर सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत १४४ डेसिबेलचा पल्ला, १६ बिटांचा ९६. बाजारातले उत्तमातले उत्तम डॅकही प्रत्यक्षात १२०-१३०च्या पट्ट्यात थांबतात, कारण रेझिस्टरमधल्या उष्णतेचीच तेवढी खरखर असते. आणि तुमच्या हॉलचं काय? रात्री अकरा वाजता, खिडक्या लावून, छताचा पंखा तीनवर असताना माझ्या घरात मोबाईलवरचं अ‍ॅप ४० डेसिबेल दाखवतं. शेजारी कुरकुर करतील इतक्या जोरात लावलं तर उंच जागा ९५पर्यंत जातात. म्हणजे हातात राहिले ५५. सगळ्या डॅकांची खरखर त्या पंख्याखाली गाडली गेलेली असते. रेकॉर्डिंग करताना २४ बिट हवेतच, तिथे आवाज कुठवर चढेल याचा अंदाज नसतो. ऐकताना ते चैनीत मोडतात.

यावर नीट चाचण्या झाल्या आहेत. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग थेट, आणि मध्ये सीडीच्या दर्जाची गाळणी लावून, असं आळीपाळीने लोकांना ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांची बेरीज केली, तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के निघालं. कान तयार केलेल्यांमध्ये बरंच जास्त. म्हणजे फरक शून्य आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण 'पडदा बाजूला झाला' वगैरे वर्णनं मात्र त्यात कुठे बसत नाहीत.

मग घेताना बघायचं काय? आधी घरात कुठे कुठे डॅक आहेत ते मोजा. मोबाईलमध्ये आहे, टीव्हीत आहे, ब्लूटूथ स्पीकरमध्ये आहे, नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा आहेच. त्यातला एखादा खरखर न करता वाजत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर सॉकेटं बघा. टीव्हीसाठी ऑप्टिकल, लॅपटॉपसाठी यूएसबी. टीव्ही जोडल्यावर नुसती शांतता किंवा फटफट ऐकू आली, तर डॅक परत करायला धावू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट डॉल्बीवरून पीसीएमवर (साध्या आकड्यांच्या पद्धतीवर) आणा. साधा स्टिरिओ डॅक डॉल्बीची भाषा समजत नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू वेगळाच, ५० हर्ट्झचा हम, म्हणजे घरातल्या विजेची गुणगुण. माझ्याकडे लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू व्हायची, काढला की बंद. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या प्लगांतून अर्थिंगला जोडलेले, त्यात यूएसबी वायरने मधला दुवा जोडला, आणि असा वेढा पूर्ण झाला की त्यातून फिरणारा करंट गाण्यात शिरतो. ज्या दुकानातून डॅक घेतला होता, तिथल्या माणसाने मला ९,००० रुपयांची 'शुद्ध' यूएसबी केबल सुचवली. मी ३५० रुपयांची ऑप्टिकल केबल लावली. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून उजेड जातो, वीज जात नाही. वेढा तिथेच तुटला.

बाकी २ व्होल्टच्या आसपास आउटपुट, हातात बसणारं बटण, रिमोट, आणि बिघडलं तर दुरुस्त करून देणारं कोणी. लांबलचक वायर टाकायची नसेल तर बॅलन्स्ड (वायरीत खरखर शिरू न देणाऱ्या) सॉकेटांचा सोस नको.

मित्राने तो डॅक ठेवला. रिमोट छान आहे म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी निघता निघता आम्ही त्याचे स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढले होते. त्याची खोली बारा फुटांची. तेवढ्या अंतरात ४७ हर्ट्झची लहर अडकून घुमते आणि डग्ग्याचा प्रत्येक घुमारा फुगून येतो. चांगल्या डॅकांमध्ये सुरासुरातला फरक डेसिबेलच्या दशांशात असतो. खोली दहा-दहा डेसिबेलचे चढउतार करते. स्पीकर हलल्यावर वहिनी पुन्हा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे कुठलं नवीन घेतलंत?" हल्ली तो ख्याल लावताना पंखाही बंद करतो. मे महिन्यात त्यावरून घरात भांडणं होतात.