लॅपटॉपची पॉवर लिमिट आणि थ्रॉटलिंग

प्रोसेसरने किती वॅट खायचे यावर जी मर्यादा असते ती पॉवर लिमिट, आणि ती कमीजास्त करून थ्रॉटलिंग म्हणजे लोड आला की स्पीड धाडकन पडणं बरंच आटोक्यात आणता येतं. इंटेलमध्ये मुख्य लिमिट दोन, पीएल१ सतत चालणारी आणि पीएल२ थोड्या वेळच्या टर्बोची म्हणजे तात्पुरत्या वाढीव स्पीडची, टर्बो साधारण किती टिकेल ते टाऊ नावाच्या वेळेच्या सेटिंगवर ठरतं, बऱ्याच लॅपटॉपात तो २८ सेकंद असतो. आय५-१२३५यू ची बेस पॉवर १५ वॅट पण टर्बोत ५५ पर्यंत जाते, पातळ बॉडीत एवढी उष्णता जाणार कुठे?

बदल करायच्या आधी थ्रॉटल कशामुळे होतोय ते बघायचं. थ्रॉटलस्टॉप या इंटेलसाठीच्या विंडोज सॉफ्टवेअरच्या लिमिट्स विंडोत पीएल१ लाल असेल आणि तापमान ७०-७५ च असेल तर लिमिट वाढवून फायदा होतो, पण थर्मल लाल असेल तर वाढवणं म्हणजे आगीत तेल, तिथे कमीच करायची.

खानदेशात उन्हाळ्यात बहुतेकदा हा दुसराच प्रकार, जळगाव-भुसावळकडे मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. हिशोब सोपा आहे, चिपची हद्द १०० अंश धरा, खोली २५ ला असली की मधे ७५ अंशांची जागा मिळते, खोली ४० वर गेली की ६० च, म्हणजे जो हीटसिंक ४५ वॅट बाहेर टाकत होता तोच आता जेमतेम ३६ टाकणार. मग पीएल१ ३५ ला बांधली तर स्पीड वरखाली उड्या न मारता एकसारखा राहतो, आणि नुकसान वाटतं तेवढं होत नाही कारण शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज वाढतं आणि वॅट त्याच्या वर्गाच्या पटीत. डेझर्ट कूलरसमोर लॅपटॉप ठेवणारे पण आहेत, खोली गार होते ते ठीक पण पाण्याचे तुषार आत गेले तर लिमिट बघायला लॅपटॉपच राहायचा नाही.

लिमिट बदलायला एएमडीच्या रायझन प्रोसेसरला रायझनअ‍ॅडज, लिनक्सवर इंटेलसाठी पॉवरकॅप. अंडरव्होल्ट म्हणजे चिपला व्होल्टेजच कमी देणं मात्र २०१९ च्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षा त्रुटीनंतर बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत बायोसमधून बंद झालं, म्हणून आता पॉवर लिमिटवरच भर. काही मॉडेलमध्ये तीही लॉक असते, आणि लॉक नसली तरी रीस्टार्टनंतर सेटिंग उडते, म्हणून थ्रॉटलस्टॉप विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये टाकून ठेवावं, म्हणजे ते आपोआप चालू होतं.