निरभ्र हवेतील संक्षोभाचा अंदाज : खानदेश

गडगडाटी ढगांचा संबंध नसताना, बहुधा ६ किमी.हून अधिक उंचीवर विमानाला बसणाऱ्या हादऱ्यांना ‘निरभ्र हवेतील संक्षोभ’ म्हणतात. तंतुमेघांतील (उंचावरील विरळ, तंतूंसारख्या ढगांतील) हादरेही यातच मोडतात, म्हणून ‘निरभ्र’ हे विशेषण काटेकोर नाही. संज्ञा १९४० नंतरच्या दशकात रूढ झाली असावी.

अंदाजाचा पाया रिचर्डसन अंक हा होय. हवेच्या थराचे स्थैर्य आणि उंचीनुसार वारा बदलण्याचा वेग (कर्तन) यांच्या वर्गांचे ते गुणोत्तर. लुइस फ्राय रिचर्डसन यांनी तो १९२० मध्ये मांडला. अंक सर्वत्र ०·२५ हून अधिक असल्यास प्रवाह स्थिर राहतो, हे माइल्स व हॉवर्ड यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. याचा व्यत्यास मात्र खरा नाही : अंक त्याखाली गेला म्हणजे संक्षोभ होईलच असे नव्हे. शिवाय संक्षुब्ध थर काहीशे मीटरच जाड असतो. संगणकीय प्रतिमानात तो पुसट होतो आणि अंक फुगतो. त्यामुळे कर्तनाला विरूपण (आडव्या प्रवाहातील ताण व पीळ) व अभिसरण (हवा एकत्र येणे) यांच्या बेरजेने गुणणारा एलरॉड-नॅप निर्देशांक (१९९२) व्यवहारात अधिक उपयोगी पडला.

कारणाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक कर्तनाला, तर काही झोतवाऱ्यातून (उंचावरील अरुंद, अतिवेगवान वाऱ्याच्या पट्ट्यातून) किंवा डोंगरांवरून उठणाऱ्या गुरुत्वतरंगांना (हवेच्या वर-खाली होणाऱ्या लाटांना) महत्त्व देतात. खानदेशात सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला असून हिवाळ्यातील उच्चस्तरीय पश्चिमी वारे त्याला जवळजवळ समांतर वाहतात. पर्वततरंगांना आडवा वारा लागतो. म्हणून येथे कर्तनाचे मत अधिक ग्राह्य वाटते.

हिवाळ्यात उपोष्ण पश्चिमी झोतवाऱ्याचा अक्ष सु. १२ किमी. उंचीवर व साधारण २७° उ. अक्षांशाजवळ असतो. संक्षोभ प्रायः त्याच्या उत्तरेकडील अंगाला अधिक आढळतो. धुळे, जळगाव, नंदुरबार (सु. २१° उ.) दक्षिणेस पडतात, पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) दक्षिणेकडे उतरली तरच येथे लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यातील पूर्वेकडून येणारा झोतवारा (कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये वर्णिलेला) आणखी दक्षिणेस व बहुतेक प्रवासी विमानांच्या वरून वाहतो. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारे, उतरत्या विमानाला जाणवणारे हादरे संनयनजन्य (तापलेली हवा वर चढल्याने होणारे) असून ते या नोंदीत येत नाहीत.

निरीक्षणांसाठी मुंबई, नागपूर, भोपाळ, अहमदाबाद येथून पहाटे व सायंकाळी ५·३० च्या सुमारास सोडल्या जाणाऱ्या फुग्यांचा आधार असतो. संक्षुब्ध पट्टा काही दशक किमी. रुंद व अल्पायुषी असल्याने तो यांतून निसटतो. तेथे वैमानिकांनी कळवलेले हादरे हाच मुख्य प्रत्यक्ष पुरावा.